डबा टीव्हीवर कॉम्प्युटर: नाशिकच्या घरांतला एक मागोवा

पिक्चर ट्यूबचा टीव्ही नाशिकच्या घरांतून अजून पुरता गेलेला नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांत, सिडकोच्या घरांत, नाशिकरोडच्या जुन्या बिल्डिंगांत आजी-आजोबांच्या खोलीत नाहीतर माळ्यावर एखादा एकवीस इंची सेट चालू अवस्थेत सापडतो. त्याला कॉम्प्युटर जोडता येईल का, हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला आणि दर काही वर्षांनी त्याचं उत्तर बदललं. ही उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं मला बरेच दिवस वाटत होतं. ज्या टीव्ही दुरुस्तीवाल्यांनी ती हाताने शोधली, त्यांची दुकानं एकेक करून बंद होत आहेत, आणि त्यांना जे ठाऊक होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मुळात घरगुती कॉम्प्युटर जन्माला आला तोच टीव्हीला जोडण्यासाठी. ब्रिटनमध्ये 1982 साली सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला, त्याला स्वतःचा पडदा नव्हताच. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने तो पुढे ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने भारतात बनवला. अँटेनाची वायर जिथे लागते तिथे याची वायर लावायची, टीव्हीचा चॅनल जुळवायचा आणि कॅसेट प्लेअरवरून प्रोग्रॅम चढवायचा. मग आयबीएमच्या धर्तीचे पीसी आले, सोबत त्यांचा मॉनिटर आला, आणि दोघांची फारकत झाली. 1987 मध्ये व्हीजीए आल्यावर तर कॉम्प्युटर आणि टीव्ही यांना एकमेकांचं काही कळेनासं झालं.

हे नीट सांगायला हवं, कारण आजही लोक इथेच फसतात. आपल्याकडचा टीव्ही पाल-बी पद्धतीचा. त्यात 625 रेषांचं चित्र असतं, पैकी 576 रेषा दिसणाऱ्या. आधी विषम रेषा, मग सम रेषा, अशी एकेक अर्धी फेरी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पुरी होते. सेकंदाला 15,625 रेषा. व्हीजीएमधून मात्र सेकंदाला सुमारे 31,500 रेषा बाहेर पडतात, त्याही सम-विषम न करता सलग. पिक्चर ट्यूबचं सर्किट त्या वेगाने चालूच शकत नाही. म्हणून एका टोकाला व्हीजीए आणि दुसऱ्या टोकाला पिवळी-पांढरी-लाल पिन असलेली नुसती केबल विकत आणून काही होत नाही. मध्ये चित्राची फेररचना करणारी चिप लागते, आणि ती केबलमध्ये नसते.

नव्वदच्या दशकात पोरांना हे सगळं शिकवलं ते टीव्ही गेमने. समुराई, मीडिया, लिटल मास्टर असल्या नावांच्या त्या खोक्यांमुळे घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला टीव्हीच्या मागे काय काय आहे ते पाठ झालं. आधी अँटेनाच्या भोकातून, पुढे पिवळ्या पिनेतून, रिमोटवर एव्ही दाबून. याच मुलांनी दहा वर्षांनी घरच्या कॉम्प्युटरची वायर हॉलमध्ये ओढली.

माझ्या मते या सगळ्या प्रवासातला बहराचा काळ म्हणजे 2001 ते 2008. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि ओझरच्या एचएएलमध्ये नोकरी करणाऱ्यांच्या घरांत असेंबल केलेले कॉम्प्युटर आले होते. हॉलमध्ये ओनिडा, बीपीएल किंवा आपल्या मराठवाड्यात बनलेला व्हिडिओकॉन होता. सिनेमा व्हीसीडीवर दोन चकत्यांत मिळायचा, पुढे डिव्हएक्स या फॉरमॅटमुळे अख्खा एका सीडीत बसू लागला. पण तो बघायचा तर कॉम्प्युटरच्या खुर्चीभोवती सगळ्यांनी दाटी करायची. जीफोर्स फोर एमएक्स 440 सारख्या ग्राफिक्स कार्डांवर एस-व्हिडिओचं गोल भोक होतं, आणि त्यातून रस्ता निघाला.

रस्ता निघाला, तरी खाचखळगे पुष्कळ. टीव्ही आधी जोडून मगच कॉम्प्युटर सुरू करायचा, कारण चालू होताना कार्ड पलीकडे काही जोडलेलं आहे का ते तपासतं. नसेल तर टीव्हीचा पर्यायच दाखवत नाही. ड्रायव्हरमध्ये अमेरिकन एनटीएससी निवडलेलं असायचं, ते बदलून पाल-बी केलं नाही तर चित्र गडगडायचं नाहीतर कृष्णधवल दिसायचं. पाल करूनही रंग आला नाही, तर दोष अडॅप्टरचा. एस-व्हिडिओत उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून येतात, पिवळ्या पिनेत दोन्ही एकाच तारेतून. साध्या अडॅप्टरमध्ये रंगाची तार तशीच लोंबकळत राहते. त्या दोन तारांमध्ये 470 पिकोफॅरडचा एक कपॅसिटर सोल्डर केला की रंग येतो. दहा रुपयांच्या आतला हा इलाज ज्याला ठाऊक, त्याला गल्लीत मान होता. आणखी एक: मॉनिटरवर सिनेमा चालू, टीव्हीवर मात्र खिडकीच्या जागी काळा चौकोन. तिथे ड्रायव्हरमध्ये व्हिडिओ दुसऱ्या पडद्यावर पूर्ण दाखवण्याची सोय शोधून चालू करावी लागे.

आतल्या खोलीपासून हॉलपर्यंत लांब एव्ही केबल बाजारात सहज मिळत नसे. केबलवाल्याने छतावर गुंडाळून ठेवलेली उरलेली काळी वायर त्या कामी आली. दोन्ही टोकांना पिना सोल्डर केल्या की चित्र स्वच्छ. हा योगायोग नव्हता: केबल टीव्हीची वायर 75 ओहमची, आणि पिवळ्या पिनेलाही नेमकी 75 ओहमचीच लागते. महागड्या दुकानी केबलपेक्षा ही वायर मला आजही जास्त भरवशाची वाटते.

मग पडद्यावर अक्षरं थरथरायची आणि लोक टीव्हीला दोष द्यायचे. तो दोष टीव्हीचा नव्हे. एका ठिपक्याएवढी बारीक आडवी रेघ सम-विषममधल्या एकाच फेरीत येते, म्हणून ती सेकंदाला पंचवीसदा उमटते आणि विझते. कडाही कापल्या जातात, कारण ट्यूबचा किरण मुद्दामच काचेच्या थोडा बाहेरपर्यंत फिरवलेला असतो. स्टार्ट बटण म्हणूनच दिसेनासं व्हायचं. हा पडदा दहा फुटांवरून हलतं चित्र पाहण्यासाठी घडवलेला, एक्सेलच्या चौकटी वाचण्यासाठी नव्हे. त्याच्या कामात तो अव्वलच होता. व्हीसीडीचं चित्र जेमतेम 352 बाय 288 ठिपक्यांचं; मॉनिटरवर त्याच्या चौकड्या पडायच्या, डबा टीव्हीवर तेच डोळ्याला गोड लागायचं.

शॉकचा विषय मात्र गंभीर आहे. जुन्या वाड्यांच्या वायरिंगला अर्थिंग नसे, तिसरं भोक नुसतं शोभेचं. कॉम्प्युटरच्या सप्लायमधले फिल्टरचे कपॅसिटर अशा वेळी कॅबिनेटवर विजेचा जवळपास अर्धा दाब आणून ठेवतात. करंट अगदी थोडा, हाताला मुंग्या येण्याइतका. पण केबलवाल्याच्या वायरीतून टीव्ही दुसरीकडे कुठेतरी जमिनीला टेकलेला असेल, तर पिन लावताना ठिणगी उडते आणि पोर्ट जळतो. स्पीकरमधली घरघर आणि चित्रात वर सरकणारा जाड पट्टाही याच कारणाने. वायरमनला बोलावून खरंखुरं अर्थिंग करून घेणं हाच त्यावर उपाय, आणि पिना लावताना दोन्ही यंत्रांचे प्लग काढलेले असणं हा नियम.

31 मार्च 2013 ही नाशिकसाठी केबलच्या डिजिटल होण्याची मुदत होती. दुसऱ्या टप्प्यातल्या 38 शहरांत आपलं शहर होतं. घरोघरी सेट टॉप बॉक्स आले आणि टीव्हीची पिवळी पिन त्यांनी व्यापली. नव्या लॅपटॉपवरून एस-व्हिडिओ गायब झालं, एचडीएमआय उरलं. इथेच बऱ्याच जणांनी जुना सेट काढून टाकला. नेमक्या याच सुमारास, फेब्रुवारी 2012 मध्ये, रास्पबेरी पाय आला. पत्त्यांच्या जोडाएवढ्या या कॉम्प्युटरच्या पहिल्या मॉडेलवर चक्क पिवळं भोक होतं. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून पाल निवडायचं, वर कोडी हा सिनेमे चालवणारा प्रोग्रॅम टाकायचा, की डबा टीव्हीचं होम थिएटर तयार. 2014 पासून ते भोक चार कड्यांच्या साडेतीन मिलिमीटर जॅकमध्ये गेलं. त्याच्यासाठी कॅमकॉर्डरची केबल घेतली तर कड्यांचा क्रम चुकू शकतो, हे बघून घ्यावं.

आता हा खटाटोप कशासाठी, असं विचारणाऱ्यांना माझं एक उत्तर आहे, आणि ते नाशिकचंच आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘कालिया मर्दन’ 1919 साली नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीसाठी बनवला. त्यात बाळकृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी. त्या मूकपटाची चौकट चारास तीन, डबा टीव्हीचीही चारास तीनच. प्रभातचा 1936 चा ‘संत तुकाराम’ किंवा 1953 चा ‘श्यामची आई’ हेही जवळपास त्याच आकारातले. रुंद एलईडीवर असल्या चित्रपटाच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, नाहीतर घरातलं कुणीतरी रिमोटने चित्र ताणतं आणि तुकोबांचा चेहरा फुगतो. जुन्या ट्यूबवर तेच चित्र काठोकाठ भरतं, आणि काळा रंग खरा काळा दिसतो. जुने मराठी चित्रपट पाहण्यासाठी यापेक्षा योग्य घरगुती पडदा मला माहीत नाही.

आज जोडायचं असेल तर एमजी रोडवर किंवा ऑनलाइन ‘एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर’ मागा. ज्याला यूएसबीतून पाच व्होल्ट द्यावे लागतात, तोच घ्या; एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन पिना असलेल्या नुसत्या वायरीला हात लावू नका. बाजूला छोटं बटण असेल तर ते पालवर ठेवा. चेहरे उभट दिसले तर कोडीच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ कॅलिब्रेशन आहे, तिथे कडाही जुळवता येतात. सेटला फक्त अँटेनाचं भोक असेल, तर आणखी एक आरएफ मॉड्युलेटर लागेल. चित्र थोडं मऊ येईल, पण येईल. टीव्हीचं मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. रंगीत ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या वर दाब लागतो आणि सेट बंद केल्यावरही तो काही काळ आत राहतो.

सेट खरोखरच गेला असेल, तर तो तांब्यासाठी ट्यूबची मान फोडणाऱ्याच्या हाती देऊ नका. त्या काचेत शिसं असतं. ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे मे 2012 पासून लागू आहेत. तो अधिकृत संकलन केंद्रातच द्या.