कातळातले पाणी आणि दिल्लीतला सल्ला

देवास म्हटले की मराठी वाचकाला पवारांच्या थोरल्या-धाकट्या पाती आठवतात, कुमार गंधर्व आठवतात. देशाच्या भूजलधोरणाचा एक महत्त्वाचा धागा मध्य प्रदेशातल्या याच जिल्ह्यातल्या हाटपिपल्या-बागली पट्ट्यातून निघतो, हे मात्र कोणी फारसे सांगत नाही. माळव्याचे पठार इथे संपते आणि विंध्याच्या उतरणीने नर्मदेकडे झुकते. वर काळी माती, खाली आपल्या दख्खनसारखाच बसाल्ट. या खडकात पाणी साठते ते झिजलेल्या थरांत आणि भेगांत. म्हणून एका विहिरीला पाणी आणि बांधापलीकडची कोरडी, असे घडते. बोअर आणखी खोल नेल्याने साठा वाढत नाही, पुष्कळदा शेजाऱ्याचेच पाणी ओढले जाते. १९९०च्या दशकात देवास शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले, यात नवल नव्हते.

१९९० साली स्थापन झालेल्या ‘समाज प्रगती सहयोग’ने बागली तालुक्यात पाणलोटाची कामे हाती घेतली. तिच्या संस्थापकांपैकी मिहिर शहा मूळचे अर्थशास्त्राचे अभ्यासक. पुण्याच्या ‘ॲक्वाडॅम’चे हिमांशू कुलकर्णी भूजलशास्त्रज्ञ. या दोन संस्थांनी मिळून नीमखेड्यासारख्या ठिकाणी विहिरींच्या पातळ्या मोजल्या, जलधराची, म्हणजे पाणी साठवणाऱ्या खडकथराची, हद्द शोधली आणि उपसा किती परवडेल हे गावकऱ्यांपुढे मांडले. खडक कळणारा आणि शेतकऱ्याचा हिशेब कळणारा एकाच विहिरीच्या काठावर वर्षानुवर्षे उभे राहिले, म्हणूनच २००९ मध्ये शहा योजना आयोगावर गेले तेव्हा त्यांच्या म्हणण्याला वजन होते. बाराव्या पंचवार्षिक योजनेत देशभर जलधर नकाशे करण्याला जे महत्त्व मिळाले, त्यामागे ही शिदोरी होती. राजधानीत बसून लिहिलेले अहवाल पुष्कळ असतात. स्वतःच्या मोजमापावर उभे असलेले थोडे.

यावर पहिला आक्षेप असा की एका तालुक्याचे शहाणपण देशाला कसे लागू पडणार? गंगेच्या गाळाच्या मैदानात बसाल्टचे नियम चालत नाहीत. आक्षेप खरा आहे, पण तो उपायांना लागू होतो, पद्धतीला नाही. आधी खडक ओळखा, मग पाण्याचा ताळेबंद मांडा, हे पंजाबातही खोटे ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा: सरकारी आसनावर बसलेला कार्यकर्ता सरकारचा टीकाकार राहतो का? याचे उत्तर २०१६च्या अहवालात सापडते. शहांच्या अध्यक्षतेखालील समितीने केंद्रीय जल आयोग आणि केंद्रीय भूजल मंडळ यांच्या जागी एकच राष्ट्रीय जल आयोग आणा, असे सुचवले. केंद्रीय जल आयोगातून कडाडून विरोध झाला आणि शिफारस बाजूला पडली. समितीने खात्यांना दुखावणे टाळले नव्हते, एवढे तरी मान्य करावे लागेल.

माझी तक्रार वेगळी आहे. देशाचे जलधर नकाशे साधारणपणे १:५०,००० प्रमाणावर झाले. त्यावर विहिरीचा मालक आपले शेत ओळखू शकत नाही. केंद्राच्या अटल भूजल योजनेत मध्य प्रदेशातले बुंदेलखंडाचे जिल्हे आले, ज्या पट्ट्यात हा विचार घडला तो देवास बाहेरच राहिला. आणि अर्थकारण तर उलट दिशेने खेचत होते. २०२०च्या रब्बीत मध्य प्रदेशाने गव्हाच्या सरकारी खरेदीत पंजाबला मागे टाकले, आणि त्याचे कौतुकही झाले. हमीभावाने खात्रीने उचलला जाणारा गहू चार-पाच पाणी मागतो. हरभरा जमिनीतल्या ओलीवर, फार तर एक-दोन पाण्यांवर भागवतो, पण गव्हाइतकी हमखास खरेदी त्याच्या वाट्याला येत नाही. पाण्याची समिती जलशक्ती मंत्रालयाला सल्ला देते, भाव कृषी मंत्रालयाच्या आयोगाच्या शिफारशीवर ठरतो, पंपाच्या विजेचा दर राज्यात. या तिघांचे आकडे एका टेबलावर आणणारी समिती अजून नेमली गेलेली नाही, आणि तोवर हाटपिपल्याच्या शेतकऱ्याने गहू पेरला तर त्यात त्याचे काही चुकत नाही.