तिथीची पाऊणपट

मुंबई ते मालवण हे अंतर किनाऱ्याकिनाऱ्याने साधारण १७० सागरी मैल भरतं. ताशी ५ मैल चालणारी शिडाची होडी हे दीड दिवसात काटेल, असा हिशेब कागदावर पटकन होतो. पण तो जमिनीवरच्या माणसाचा हिशेब. रात्री आसऱ्याला खाडीत शिरायचं, आणि कोकणातल्या खाड्यांची दारं दिवसभर उघडी नसतात. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या सह्याद्रीतला गाळ आणून मुखाशी टाकतात, समोरून लाटा वाळू लोटतात. दोहोंच्या रेट्यात पाण्याखाली बांध उभा राहतो आणि दर पावसाळ्यात जागा बदलतो. देहरादूनचा अधिकृत सागरी नकाशा जवळ हवाच. पण खाडीच्या तोंडाशी गावातल्या तांडेलाचा शब्द जास्त ताजा.

म्हणून या सफरीची आखणी नकाशाआधी पंचांगावर करावी. आपल्या किनाऱ्यावरचा आडाखा जुना आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. दिवसातली दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी. सर्वे ऑफ इंडियाची छापील कोष्टकं अर्थातच अधिक नेमकी. मुंबईत अपोलो बंदरावर पाण्याची उंची १८७८ पासून मोजली जाते आहे. आणि दक्षिणेकडे जावं तशी भरती थोडी आधी येते, पाणीही कमी चढतं, एवढी दुरुस्ती धरायची.

आता यावर वारा ठेवून पाहा. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दुपारनंतर वायव्येचा खारा वारा उठतो, तो दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीशी. पंचमी ते अष्टमी या दिवसांत भरती पहाटे पावणेचार ते सहा आणि पुन्हा संध्याकाळी त्याच सुमारास. म्हणजे उजाडताना ओहोटी आणि मतलई मिळून होडी खाडीबाहेर काढतात, दुपारचा वारा पुढे नेतो, आणि दिवस मावळायच्या आत भरती पुढच्या खाडीत ओढून घेते. हे भांगाचे दिवस असल्यामुळे ओढही बेताची असते. पाणी उधाणाइतकं चढत नाही हे खरं, पण छोट्या होडीला कमरेएवढं पुरतं.

उलट पौर्णिमा-अमावास्येला. एकदा आम्ही कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता बाणकोटच्या तोंडाशी आलो. भरती दुपारीच होऊन गेलेली, उधाणाची ओहोटी बाहेर धावते आहे आणि वायव्येचा वारा तिला समोरून अडवतो आहे. अशा पाण्यात लाटा आखूड आणि उभ्या होतात. होडी वाळूवर बसली. तांडेलाने नांगर टाकला, "आता रात्रीच उठंल" म्हणाला आणि शीड पांघरून झोपला.

तर चतुर्थीला पहाटे मुंबई सोडावी. खांदेरीचं दीपगृह १८६७ चं. तिथपासून राजपुरी खाडीपर्यंत डोल जाळ्यांचे खुंट आणि बोये सांभाळत जायचं, होडीला इंजिन असेल आणि त्याच्या पंख्यात दोर अडकला तर सकाळ गेलीच. पहिला मुक्काम जंजिऱ्याच्या आत. ३७ मैलांची ही मजल सगळ्यात लांब. पंचमीला हर्णै, सुवर्णदुर्गाच्या आडोशाला. षष्ठीला दाभोळ फक्त १४ मैल, म्हणून उरलेली दुपार भरतीबरोबर वाशिष्ठीत वर जाण्यात घालवावी. मगरी आहेत, पाय पाण्यात सोडू नयेत. सप्तमी जयगड, अष्टमी रत्नागिरी.

नवमीचा विजयदुर्ग मात्र या सगळ्या गणिताला अपवाद. वाघोटन खाडीचं मुख खोल, भरती कुठेही असो, होडी आत जाते. आंग्र्यांनी आरमाराचं ठाणं इथे का केलं, हे खालून होडीतून पाहिल्यावर जितकं कळतं तितकं किल्ल्यावरून कळत नाही. दहा-अकरा मैलांवर देवगडही असंच भरवशाचं: डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या मच्छीमार होड्या तिथे आसऱ्याला आल्या होत्या. हिवाळ्यातही हवामानखात्याचा अंदाज रोज ऐकायचा, तो याच कारणाने.

दशमीला मालवण. सिंधुदुर्गाभोवती पाण्यात बुडलेले खडक इतके, की स्थानिक माणूस घेतल्याशिवाय आत शिरू नये. १९८७ पासून हा सागरी अभयारण्याचा भाग आहे. प्रवाळावर नांगर टाकायचा नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: होडीची नोंदणी, प्रत्येकाचं ओळखपत्र, आणि निघण्याआधी बंदर कार्यालय व सागरी पोलिसांना मार्ग कळवणं. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी शीड कुणी दुर्लक्षित करत नाही, ते योग्यच. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक होडीत दिसेल असा लिहून ठेवावा.

परतीला दुपारचा तोच वारा नाकावर येतो. तेव्हा हौशी मंडळींनी मालवणहून रात्रीची एसटी धरावी. होडी तांडेल आणेल, पहाटेच्या मतलईवर, रोज दुपारपर्यंत जेवढी येईल तेवढी.