अर्जनसिंग : वापिटीपासून मार्शलपदापर्यंत

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. पुढच्या वर्षी १ एप्रिलला कराचीच्या ड्रिघ रोड तळावर चार वापिटी विमानांनिशी त्याची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. १५ एप्रिल १९१९ रोजी लायलपूरला जन्मलेले अर्जनसिंग तेव्हा शाळकरी वयाचे होते. दल आणि हा अधिकारी जवळपास एकाच वेळी वाढले, आणि अर्जनसिंगांच्या कारकिर्दीची गती समजून घ्यायची तर ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. दल लहान होते, अनुभवी भारतीय वैमानिक बोटांवर मोजण्याइतके होते आणि इतिहास घाईत होता. चोविसाव्या वर्षी स्क्वाड्रनप्रमुख, तिसाव्या वर्षी एअर कमोडोर, पंचेचाळिसाव्या वर्षी हवाईदलप्रमुख आणि पन्नासाव्या वर्षी निवृत्त, असा हा प्रवास आजच्या हवाई दलात कोणाच्याही वाट्याला येणे शक्य नाही.

घराणे घोडदळातले. अर्जनसिंग स्वतः लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकले आणि तिथे अव्वल जलतरणपटू म्हणून ओळखले जात. १९३८ साली एकोणिसाव्या वर्षी इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या रॉयल एअर फोर्स कॉलेजसाठी त्यांची निवड झाली. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि डिसेंबर १९३९ मध्ये ते पायलट ऑफिसर म्हणून बाहेर पडले.

पहिली नेमणूक वायव्य सरहद्द प्रांतात, एक नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये. हाती वापिटी. हे दोन पंखांचे, उघड्या कॉकपिटचे विमान. पुढे वैमानिक आणि मागे मशीनगन घेतलेला गनर. वझिरिस्तानच्या डोंगरांत टोळीवाले कड्यांवर दबा धरून बसत. विमान दरीतून जात असले की गोळी खालून नव्हे, वरून किंवा बरोबरीच्या उंचीवरून येई. मीरनशाह ते रझमक या भागात अशाच गोळीबारात अर्जनसिंगांच्या विमानाचे इंजिन निकामी झाले. त्यांनी ते एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात उतरवले. डोके समोरच्या पॅनेलवर आदळून नाक फुटले. तेवढ्यात गनर गुलाम अली बाहेर उडी मारून धावत सुटला, आणि तोही नेमका गोळीबार करणाऱ्यांच्या दिशेने. रक्ताळलेल्या चेहऱ्याने अर्जनसिंग त्याच्यामागे पळाले, त्याला वळवले आणि आपल्या ठाण्याच्या बाजूला आणले. दोन आठवड्यांत ते पुन्हा उड्डाण करू लागले. सरहद्दीवरच्या या नेमणुकीने त्या पिढीच्या भारतीय वैमानिकांना एक धडा दिला: खालच्या जमिनीवरचे सैन्य काय करते आहे हे ओळखता आले नाही, तर विमान नुसते चांगले उडवता येऊन भागत नाही.

हा धडा इंफाळला उपयोगी पडला. सप्टेंबर १९४३ मध्ये एक नंबरच्या स्क्वाड्रनची सूत्रे त्यांच्याकडे आली. ‘टायगर्स’ म्हणून ओळखली जाणारी ही स्क्वाड्रन आता हरिकेन उडवत होती. १९४४ च्या फेब्रुवारीत ती इंफाळला पोहोचली आणि मार्चमध्ये जपानी फौजांनी ब्रह्मदेशातून मुसंडी मारून इंफाळच्या खोऱ्याला वेढा घातला. रस्ते बंद झाले. दाणागोटा, दारूगोळा, पेट्रोल सारे विमानांतून येऊ लागले. स्क्वाड्रनचे मुख्य काम टेहळणीचे होते. दोन हरिकेन जोडीने निघत. पुढचा वैमानिक झाडीच्या माथ्यावरून जात पायवाटा, नदीचे उतार, खेचरांच्या लिदीच्या खुणा, ताजी तोडलेली झाडे न्याहाळत असे. मागचा सतत डावी-उजवीकडे वळत जपानी लढाऊ विमाने येत नाहीत ना, यावर नजर ठेवी. दिवसा जपानी सैनिक जंगलात लपून राहत आणि रात्री हालचाल करत, त्यामुळे पहाटेचे आणि संध्याकाळचे उड्डाण सर्वांत महत्त्वाचे. अशाच एका संध्याकाळी परतताना तळाजवळच्या टेकड्यांत शत्रूची तुकडी अर्जनसिंगांना दिसली. त्यांनी उतरताच मिळतील तेवढी विमाने गोळा केली आणि अंधार पडण्याआधी तिच्यावर हल्ला चढवला. जून १९४४ मध्ये आग्नेय आशियाचे सरसेनापती माउंटबॅटन यांनी इंफाळला येऊन त्यांच्या छातीवर ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ लावला. स्क्वाड्रन त्या आघाडीवर सलग चौदा महिने लढली. भारतीय वैमानिक भारतीय अधिकाऱ्याच्या हाताखाली मोठ्या युद्धात टिकून लढू शकतात, हे इंफाळने निर्विवाद सिद्ध केले आणि त्यात अर्जनसिंगांचा वाटा मोठा होता.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत लाल किल्ल्यावरून शंभराहून अधिक विमानांचे संचलन गेले, त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. त्यानंतर ग्रुप कॅप्टन म्हणून अंबाला तळ त्यांच्याकडे आला.

१९४९ मध्ये एअर कमोडोर होऊन त्यांनी ऑपरेशनल कमांडची सूत्रे घेतली. हिलाच पुढे वेस्टर्न एअर कमांड हे नाव मिळाले. १९४९ ते १९५२ आणि पुन्हा १९५७ ते १९६१ अशा दोन खेपांत, एकूण सुमारे सात वर्षे ही कमांड त्यांच्याकडे होती. चरित्रपर लेखांत या काळाला दोन ओळी मिळतात, आणि ते अन्यायाचे आहे. दलाचे खरे रूपांतर याच वर्षांत झाले. पंख्याच्या विमानांवर वाढलेल्या वैमानिकांना जेटवर आणायचे होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये व्हँपायर आले, १९५३ मध्ये फ्रेंच तुफानी, १९५७ पासून हंटर, मिस्टेअर आणि कॅनबेरा, पाठोपाठ नॅट. प्रत्येक विमान वेगळ्या कारखान्याचे, सुटे भाग वेगळे, धावपट्टीची लांबी वेगळी, चुकांना क्षमा करण्याची वृत्तीही वेगळी. या सगळ्यांचे वैमानिक, तंत्रज्ञ, तळ आणि सराव यांची सांगड घालणे हे कंटाळवाणे, दीर्घ आणि नाव न मिळवून देणारे काम असते. ते अर्जनसिंगांनी केले. हुद्दा वाढला तरी त्यांनी स्वतः उडणे सोडले नाही. हवाईदलप्रमुख होईपर्यंत त्यांनी उड्डाणाची पात्रता टिकवून ठेवली आणि कारकिर्दीत साठहून अधिक प्रकारची विमाने हाताळली.

१९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. चव्हाणांच्या काळात हवाई दल ४५ स्क्वाड्रनपर्यंत वाढवण्याची योजना आखली गेली. नाशिकजवळ ओझरला मिग-२१ चा कारखाना उभा राहू लागला. अर्जनसिंग तेव्हा हवाई मुख्यालयात उपप्रमुख होते आणि १९६३ मध्ये ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलांबरोबर झालेल्या ‘शिक्षा’ या संयुक्त सरावाचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते. १ ऑगस्ट १९६४ रोजी ते हवाईदलप्रमुख झाले.

वर्षभराने युद्ध आले. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले आणि अखनूरचा पूल धोक्यात आला. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि अर्जनसिंग चव्हाणांकडे गेले. हवाई दल किती वेळात निघेल, या प्रश्नावर अर्जनसिंगांनी तासाभराचा वेळ मागितला. चव्हाणांनी तिथल्या तिथे परवानगी दिली आणि पठाणकोटहून पहिली विमाने २६ मिनिटांत आकाशात गेली. मंत्र्याने जबाबदारी स्वतःवर घेतली आणि दलप्रमुखाने दिलेला शब्द मुदतीच्या आत पाळला.

त्या संध्याकाळची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पहिल्या फळीत गेलेली व्हँपायर तोवर जुनी झाली होती आणि पाकिस्तानी सेबर विमानांपुढे त्यांचा निभाव लागला नाही. चार व्हँपायर पडली. मावळत्या उजेडात आणि धुळीत काही मारा आपल्याच लष्करावर झाला. ६ सप्टेंबरला पठाणकोटवर पाकिस्तानी हल्ला झाला, तेव्हा जमिनीवर उभी असलेली विमाने जळाली. मात्र रणगाड्यांची अखनूरकडची धाव मंदावली, चिमुकल्या नॅटने सेबरशी झुंजण्यात नाव कमावले आणि ७ सप्टेंबरला सरगोध्यापर्यंत भारतीय विमानांनी धडक मारली. नुकसान सोसूनही अर्जनसिंगांनी दलाची लढण्याची जिद्द टिकवली आणि झालेल्या चुकांची नोंद घेतली गेली. विमाने उघड्यावर उभी ठेवण्याऐवजी भक्कम निवाऱ्यांत ठेवणे, जुनी विमाने पहिल्या फळीतून मागे घेणे, लष्कराशी संपर्काची घडी बसवणे हे १९७१ च्या आधी झालेले बदल १९६५ च्या अनुभवातून आले. १९६५ मध्येच अर्जनसिंगांना पद्मविभूषण मिळाले. जानेवारी १९६६ मध्ये दलप्रमुखाचा हुद्दा वाढवण्यात आला आणि ते पहिले एअर चीफ मार्शल झाले. जुलै १९६९ मध्ये पी. सी. लाल यांच्याकडे सूत्रे देऊन ते निवृत्त झाले.

त्यानंतर ते १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये राजदूत, १९७४ मध्ये केनियात उच्चायुक्त आणि १९८९-९० मध्ये दिल्लीचे नायब राज्यपाल होते. जानेवारी २००२ मध्ये त्यांना ‘मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स’ हा पंचतारांकित हुद्दा देण्यात आला. दिल्लीजवळची आपली शेतजमीन विकून आलेले दोन कोटी रुपये त्यांनी निवृत्त हवाई सैनिकांच्या मदतीसाठीच्या न्यासाला दिले. जुलै २०१५ मध्ये पालम विमानतळावर डॉ. अब्दुल कलाम यांच्या पार्थिवासमोर शहाण्णव वर्षांचे अर्जनसिंग चाकांच्या खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांनी सलाम केला. २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधील पानागढच्या हवाई तळाला त्यांचे नाव देण्यात आले. १६ सप्टेंबर २०१७ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. भारतीय हवाई दलात पंचतारांकित हुद्द्यावर पोहोचलेले ते आजवरचे एकमेव अधिकारी आहेत.