हिस्पॅनिक ओळख आणि अमेरिकेतील नामांकित महाविद्यालयांचे प्रवेश

अमेरिकेतील प्रवेशप्रक्रियेविषयी बोलताना 'तिकडेही राखीव जागा होत्या' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. हा समज आधी दूर केला पाहिजे. एका वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा राखून ठेवल्या होत्या. १९७८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत रद्द ठरविली. मात्र अर्जदाराचा वंश हा अनेक बाबींपैकी एक म्हणून विचारात घेण्यास मुभा दिली. पुढची पंचेचाळीस वर्षे हिस्पॅनिक असण्याला जे वजन मिळाले ते याच मुभेतून.

मुळात हिस्पॅनिक म्हणजे कोण? १९७७ च्या सरकारी व्याख्येनुसार मेक्सिको, पोर्तो रिको, क्यूबा, मध्य वा दक्षिण अमेरिका येथील अथवा अन्य स्पॅनिश संस्कृतीतील व्यक्ती, मग तिचा वंश कोणताही असो. म्हणजे ही ओळख रंगाची नव्हे, भाषेच्या आणि संस्कृतीच्या वारशाची. (गोव्यातील फर्नांडिस आडनावाच्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही, त्याचा वारसा पोर्तुगीज, आणि व्याख्येतला शब्द स्पॅनिश.) अर्जदाराने चौकटीत खूण करायची, एवढेच. आपल्यासारखा दाखला नाही, पडताळणी समिती नाही. त्यामुळे ब्युनोस आयरेसहून आलेल्या सुखवस्तू डॉक्टरची मुलगी आणि कॅलिफोर्नियातील शेतमजुराची मुलगी एकाच चौकटीत येत. या पद्धतीतील खरा दोष मला येथे दिसतो.

वजन किती असे? मिशिगन विद्यापीठाने ते अंकांत मांडले होते. १५० गुणांच्या मोजपट्टीवर हिस्पॅनिक, कृष्णवर्णीय व मूळनिवासी अर्जदारांना २० गुण थेट मिळत. सॅट परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळविणाऱ्याला १२. हे गणित न्यायालयाने २००३ मध्ये नाकारले, पण त्याच दिवशी दिलेल्या दुसऱ्या निकालात प्रत्येक अर्ज समग्रपणे वाचून वंशाचा विचार करणे मान्य केले. तत्पूर्वीच कॅलिफोर्नियाने १९९६ च्या जनमताने सरकारी विद्यापीठांत असा विचार बंद केला होता. टेक्सासने १९९७ साली वेगळी वाट काढली : प्रत्येक शाळेतील पहिल्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश. रिओ ग्रांदे खोऱ्यातील शाळांत बहुतेक मुले हिस्पॅनिकच असल्याने ओळख न विचारताही त्यांना वाट मिळाली. ऑस्टिन येथील विद्यापीठासाठी ही अट पुढे कडक झाली.

२९ जून २०२३ च्या निकालाने वंशाला स्वतंत्र वजन देणेच थांबले. २०२४ च्या प्रवेशांत एमआयटीमधील हिस्पॅनिकांचे प्रमाण १६ वरून ११ टक्क्यांवर, तर अ‍ॅमहर्स्टमध्ये १२ वरून ८ वर आले. हार्वर्डमध्ये मात्र ते १४ वरून १६ झाले आणि २०२५ मध्ये ११ वर घसरले. आपला वंश न सांगणारेही वाढल्यामुळे एका वर्षाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एक दार उघडे ठेवले. वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात लिहिले, तर त्यातून दिसणारे धैर्य वा जिद्द विचारात घेता येते. दवाखान्यात, कचेरीत आई-वडिलांची दुभाषी बनलेली मुलगी ते लिहू शकते. परंतु त्या कामातही काही गुण आहे, हे तिला कोणी सांगितलेले असते का? खर्चिक शाळांत निबंध घडवायला सल्लागार असतात. सरकारी शाळेत एका सल्लागाराकडे शेकडो मुले. अशी अनेक मुले नामांकित महाविद्यालयाकडे अर्जच करीत नाहीत आणि घराजवळच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात जातात. तेथील फी कमी दिसते. पण गरजू विद्यार्थ्याचा जवळजवळ सारा खर्च उचलणारी श्रीमंत महाविद्यालये त्याला प्रत्यक्षात अधिक स्वस्त पडली असती, ही माहिती त्याच्या घरापर्यंत पोहोचलेली नसते. चौकटीतली खूण आता बऱ्याच ठिकाणी अर्ज वाचणाऱ्यांना निर्णय होईपर्यंत दाखवली जात नाही. त्यांच्यासमोर असतो तो निबंध, गुणपत्रक आणि शिक्षकाने लिहिलेले शिफारसपत्र.