पाणी उतरतं तसे पक्षी उतरतात

हिवरा आश्रम म्हटलं की आधी आठवते ती विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाची पुरी आणि वांग्याची भाजी. पण मेहकर तालुक्यातल्या या गावाजवळ कोराडी प्रकल्पाचा जलाशय आहे आणि सोयाबीन निघालं की अशा पाण्यावर वेगळेच यात्रेकरू यायला लागतात.

ऑक्टोबरात दुर्बीण घेऊन गेलेला नवखा माणूस बहुधा हिरमुसतो. पाऊस बरा झाला असेल तर धरण तुडुंब, पाणी खोल, आणि दूरवर वारकरी पक्ष्यांचे काळे ठिपके. थंडी पडली की पक्षी वाढतात, असं आपण म्हणतो. माझ्या मते थंडीइतकीच रब्बीची पाळी महत्त्वाची. कालव्याला पाणी सुटलं की जलाशय उतरतो, काठचा गाळ उघडा पडतो, आणि त्यात अळ्या, किडे, गोगलगायी यांची पंगत मांडलेली असते. म्हणून पाहायचं ते काठाकडे, आणि सूर्य पाठीशी ठेवून.

तिथे कोण कुठे बसणार हे चोच ठरवते. आखूड चोचीचा कंठेरी चिखल्या पळत-थांबत वरवरचे किडे टिपतो. तुतारी ओल्या कडेला चोच खुपसत फिरते. लांब चोचीचा पाणटिवळा पोटापर्यंतच्या पाण्यात उभा राहून खोलवरचं काढतो. थापट्या फावड्यासारख्या चोचीने पाणी गाळतो, तर तलवार बदक शेपूट वर करून तळाशी मान घालतं. पाणी मानेपेक्षा खोल झालं की त्याचं काम संपलं. लालसरी मात्र बुडी मारते, तिला खोल पाणी चालतं. एका हातभर उताराने इतक्या जणांची सोय होते.

ही मंडळी थंडीला भिऊन येतात हे अर्धंच खरं. उत्तरेत पाणी गोठतं, किडे संपतात, दिवस आखडतो. दिवस आखडला की पक्ष्याच्या शरीरात बदल सुरू होतात, तो चरबी साठवतो आणि निघतो. सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांवर दिशा धरतो. मंगोलिया-तिबेटकडचा पट्टकदंब हिमालय ओलांडताना सात हजार मीटरपर्यंत उडाल्याची नोंद आहे. त्याचं रक्त विरळ हवेतलाही प्राणवायू चटकन उचलतं.

दख्खनच्या पठारावर नैसर्गिक तळी मुळात थोडी. शेजारच्या लोणारला 2020 साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला, पण ते सरोवर खारं, अल्कधर्मी. तिथला पाहुणचार वेगळा. पाहुण्या पक्ष्यांचा बाकी सारा भार शेतीसाठी बांधलेल्या धरणांवर आहे. नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य हाही मुळात बंधाराच.

मारुती चितमपल्ली आणि सालिम अली या पक्षी अभ्यासकांच्या जन्मदिवसांना जोडून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. उत्तमच, फक्त तेव्हा बरीच धरणं भरलेली असतात, त्यामुळे पक्ष्यांची यादी तोकडी निघाली तर निराश होऊ नका. जयंतीच्या उत्सवाला हिवऱ्याला येणार असाल तर दुर्बीण सोबत घ्या आणि महाप्रसादाआधी, उजाडताच काठावर जा. फोटोसाठी गाळपेरीच्या, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेल्या, हरभऱ्यात मात्र शिरू नका. तो कुणाच्या तरी घरचा वर्षाचा घास असतो, आणि थवा एकदा उठला की दमलेल्या पक्ष्यांनी साठवलेली चरबीही उगाच खर्ची पडते.