३ मे १९१३

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक शहर मागे टाकून निफाड तालुक्यात शिरते आणि चांदोरी व सायखेडा या समोरासमोरच्या गावांमधून पुढे वाहत जाते. सायखेड्याहून नदीच्या काठाने उगमाच्या दिशेस निघाले, तर वाटेत नाशिक लागते आणि शेवटी त्र्यंबकेश्वर. या त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी दाजीशास्त्री फाळके नावाच्या संस्कृत पंडितांच्या घरी एक मुलगा जन्मास आला. धुंडिराज हे त्याचे नाव. पुढे ‘दादासाहेब फाळके’ या नावाने साऱ्या देशाला परिचित झालेले गृहस्थ ते हेच. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात ज्या एका दिवसाला आरंभाचा मान दिला जातो, तो ३ मे १९१३ हा दिवस त्यांच्या कष्टांनी घडविलेला आहे.

तो शनिवार होता. मुंबईत गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रगृहात त्या दिवशी जो खेळ झाला, त्यात एक नृत्य होते, विनोदी नकला होत्या, पायांनी वस्तू उडवून झेलणाऱ्या कसरतपटूचे कौशल्य होते आणि काही विनोदी चित्रफितीही होत्या. या सगळ्यांच्या जोडीला फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट दाखविण्यात आला. केवळ एका चित्रपटासाठी तिकीट काढावे, ही कल्पना त्या काळी रुळलेली नव्हती. नाचाची व कसरतीची जोड दिल्यावाचून प्रेक्षक येतील, याची चित्रगृहाच्या मालकालाही खात्री वाटत नसावी.

हलती चित्रे मुंबईला नवीन नव्हती. पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी डिसेंबर १८९५ मध्ये आपला पहिला जाहीर खेळ केला आणि अवघ्या काही महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, त्यांची चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविली गेली. सावेदादा या नावाने ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये कुस्तीचा सामना चित्रित केला होता. इतकेच नव्हे, तर याच कोरोनेशनमध्ये १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखविण्यात आला होता. मग पहिलेपणाचा मान ‘राजा हरिश्चंद्र’ला का? ‘पुंडलिक’ हे रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होते आणि त्यासाठी कॅमेरा चालविणारा मनुष्य परदेशी होता. तोरण्यांचे श्रेय त्यामुळे लोपत नाही; काही अभ्यासक पहिला मान आजही त्यांनाच देतात. फाळक्यांच्या चित्रपटाचे वैशिष्ट्य निराळे होते. कॅमेरा व कोरी फिल्म विलायती असली, तरी कथेची मांडणी, अभिनय, चित्रण, फिल्म धुणे, छापणे व जोडणे ही सर्व कामे येथल्याच माणसांनी केलेली होती.

या कामासाठी लागणारे शिक्षण फाळक्यांनी जणू न कळत घेऊन ठेवले होते. मुंबईची जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रणाचा धंदा, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, जादूचे प्रयोग, मुद्रणकला – एकेक गोष्ट त्यांनी हाती धरली आणि सोडली. चाळिशीला पोहोचलेला हा माणूस व्यवहारी लोकांना अपयशीच वाटला असेल. अशा वेळी गिरगावातील एका चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. ख्रिस्त पडद्यावर चालू शकतो, तर राम आणि कृष्ण का नाहीत, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला आणि त्याने त्यांना पुरते झपाटले. ते सतत चित्रपट पाहू लागले. त्याचा ताण इतका झाला, की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. औषधोपचारांनी ती परत आली. तेव्हा विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ च्या आरंभी लंडनला गेले, तेथील एका स्टुडिओत काम पाहिले व विल्यमसन कॅमेरा आणि इतर यंत्रसामग्री खरेदी करून दोन महिन्यांत परतले.

पैसे देणारा कोणी मिळावा म्हणून त्यांनी प्रथम एक छोटी चित्रफीत केली. कुंडीत वाटाणा पेरून, तो उगवून वर येईपर्यंत ठराविक वेळाने ते त्याची छायाचित्रे घेत राहिले. कित्येक दिवसांची ती वाढ पडद्यावर एका मिनिटात दिसली. ही चित्रफीत पाहून भांडवलदार पुढे आला, तरी भांडवल पुरणार नव्हते. तेव्हा सरस्वतीबाई फाळके यांनी आपले दागिने पुढे केले.

घरातील या बाईंचे नाव त्या चित्रपटाच्या जाहिरातीत नव्हते. पण त्यांच्यावाचून चित्रपट पुरा झाला नसता. त्या वेळी मिळणाऱ्या कोऱ्या फिल्मला कडेची छिद्रे नसत. ती पाडल्यावाचून कॅमेऱ्याचे दाते फिल्म पुढे ओढू शकत नाहीत. प्रत्येक चित्राच्या दोन्ही अंगांना चार-चार छिद्रे लागतात आणि एका फूट फिल्मवर सोळा चित्रे मावतात. म्हणजे प्रत्येक फुटाला १२८ छिद्रे! प्रकाशाचा किरणही लागू न देता, अंधाऱ्या खोलीत हे काम करावे लागे. दिवसभर पन्नाससाठ माणसांचा स्वयंपाक करायचा, चित्रणाच्या वेळी उन्हाचा उजेड नटांवर पडावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून उभे राहायचे आणि रात्री या अंधारात बसायचे, असा सरस्वतीबाईंचा दिनक्रम होता. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. त्यात किती छिद्रे पडली असतील, याचा गुणाकार करून पाहावा.

नटांची अडचण याहून मोठी होती. राजाच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले, पण तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री तयार होईना. अखेर ग्रँट रोडवरील एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामती करण्यात आले. इतर स्त्रीभूमिकाही पुरुषांनीच केल्या. त्यांना मिशा काढावयास लावणे हे एक दिव्यच होते. कारण वडील हयात असताना मिशी उतरविणे अशुभ मानले जाई. फाळक्यांना नटांचीच नव्हे, तर त्यांच्या वडिलांचीही समजूत घालावी लागली. रोहिदासाची भूमिका फाळक्यांचा मुलगा भालचंद्र याने केली. वांगणी येथे चित्रण चालू असता हा मुलगा खेळताना पडून बेशुद्ध झाला. काम थांबविले असते, तर सर्वच वेळापत्रक कोसळले असते; तेव्हा बापाने त्याच अवस्थेत रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग चित्रित करून घेतला, अशी हकीकत सांगितली जाते. ध्येयवेडाची ही परिसीमा अंगावर काटा आणते. तिचे निव्वळ कौतुक करणे मात्र कठीण आहे.

सुमारे आठ महिन्यांच्या श्रमांनंतर चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया चित्रगृहात तो निमंत्रितांना दाखविण्यात आला आणि बारा दिवसांनी सर्वसामान्य प्रेक्षकांपुढे आला. त्या काळी चित्रपट दर दोन-चार दिवसांनी बदलत असत. ‘राजा हरिश्चंद्र’चा मुक्काम मात्र वाढवावा लागला आणि स्त्रिया व मुले यांच्यासाठी अर्ध्या दराचे खास खेळ ठेवावे लागले. ज्यांना लहानपणापासून ही कथा तोंडपाठ होती, ते लोक ती नव्याने पाहण्यासाठी गर्दी करीत होते.

मुंबईबाहेर मात्र सर्वत्र असे घडले नाही. सुरतेला पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये जमले. तेथील प्रेक्षकांना तेवढ्याच पैशांत कित्येक तास चालणारी नाटके पाहण्याची सवय होती. तेव्हा फाळक्यांनी जाहिरातच बदलली, असे सांगतात : तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र! गर्दी लोटली. यातील छायाचित्रांचा आकडा जवळजवळ खरा होता. कारण ३,७०० ला सोळाने गुणले, की ५९,२०० येतात. दोन मैलांची गोष्ट मात्र निव्वळ धंद्याची होती; ती फिल्म पाऊण मैलाचीही नव्हती.

या यशानंतर फाळक्यांनी आपले बिऱ्हाड व कारखाना नाशिकला हलविला. तेथे तयार झालेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि स्त्रियांनी चित्रपटात काम न करण्याचा नियम वर्षाच्या आतच मोडला. पुढे १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच फाळक्यांचे निधन झाले.

कोरोनेशनमध्ये दाखविलेल्या त्या चित्रपटाची संपूर्ण प्रत आज उपलब्ध नाही. चारांपैकी पहिले व शेवटचे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपले गेले आहे आणि तेही १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा केलेल्या चित्रणातील असावे, असे काही अभ्यासक मानतात. त्या रिळाच्या आरंभी राणी शेजारी असून राजा हरिश्चंद्र आपल्या मुलाला धनुष्यबाण चालविण्यास शिकवीत आहे.