वेड पांघरून पेडगावला

परभणी तालुक्यातील पेडगावच्या माणसाने परगावी आपल्या गावाचे नाव सांगितले, की समोरचा हमखास हसतो. “म्हणजे वेड पांघरून जातात ते?” असे विचारतो. बिचाऱ्या पेडगावकरांना आता त्याची सवय झाली असेल. खरे तर लोक ती म्हण जोडतात भीमेकाठच्या, श्रीगोंदा तालुक्यातील पेडगावशी. तेथे बहादूरगड आहे. मराठ्यांनी मोगल सरदार बहादूरखानाला चकवून त्याची छावणी लुटली, अशी कथा सांगतात. परभणीच्या पेडगावचा त्यात काही संबंध नाही.

पण मंडळी, आज ही म्हण आठवली ती कचेरीच्या खिडकीशी उभे राहिल्यावर. “साहेब मिटिंगला गेलेत.” “ते काम आमच्या टेबलाचे नव्हे.” “वरून काही आले नाही.” समोरच्या कपाटात कागद असतो आणि कपाटाची किल्ली बोलणाऱ्याच्याच खिशात असते. यालाच वेड पांघरणे म्हणायचे. आणि हे हेलपाटे तुम्ही-आम्ही मुकाट्याने घालतो, एस. टी.चे भाडे मोजतो, दिवसाची मजुरी बुडवतो.

परभणी जिल्ह्याला याचा चांगलाच चटका बसला आहे. २०१७ च्या खरिपात सोयाबीन गेले. विमा उतरवूनही पुरती भरपाई मिळाली नाही म्हणून २०१८ साली शेतकरी परभणीला आंदोलनाला बसले. त्याच वर्षी पत्रकार पी. साईनाथ यांनी अहमदाबादच्या एका मेळाव्यात एका जिल्ह्याचा हिशेब मांडला, तो परभणीचाच. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शेतकऱ्यांनी हप्त्यापोटी १९ कोटींच्या वर भरले, केंद्र आणि राज्य सरकारांनी प्रत्येकी ७७ कोटी घातले, आणि भरपाई वाटली गेली ३० कोटींची. आकड्यांवर वाद घालता येईल. पण वाद घालायला तरी हातात कागद हवा.

आता विम्याचा पैसा ठरतो कसा, ते पाहा. नुसत्या तुमच्या शेताकडे पाहून तो ठरत नाही. महसूल मंडळातील निवडलेल्या शेतांत पीक कापणी प्रयोग होतात. ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापायचे, मळायचे आणि वजन करायचे. अशा वजनांवरून मंडळाची सरासरी निघते आणि ती उंबरठा उत्पन्नाशी ताडून पाहतात. सरासरी खाली गेली तर भरपाई. म्हणजे तुमच्या घरात पोरीच्या फीला पैसे येणार की नाहीत, हे कुठल्या तरी तक्त्यातील एका रकान्यावर अवलंबून असते. तो तक्ता सरकारी आहे आणि तो पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे.

हा हक्क कोणी आयता आणून दिलेला नाही. इंग्रजांनी १९२३ साली गोपनीयतेचा कायदा केला आणि सरकारी कागद म्हणजे झाकून ठेवायची वस्तू, ही सवय स्वराज्यातही राहिली. राजस्थानातील मजुरांनी १९९० नंतरच्या काळात कामाच्या मस्टरच्या नकला मागायला सुरुवात केली. अरुणा रॉय त्यांच्याबरोबर होत्या. गावात मस्टर जाहीर वाचले, तेव्हा कामावर कधी न गेलेल्यांची नावे त्यात निघाली! रोजगार हमीवर खडी फोडलेल्या आपल्या आयाबायांना हे निराळे समजावून सांगायला नको. आपल्याकडे अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले आणि राज्याच्या माहिती कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी आली. पुढे १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा माहितीचा अधिकार कायदा लागू झाला.

या कायद्यात एक गोष्ट फार चांगली आहे. माहिती मागणारा कोण, हे तो पाहत नाही. वर्तमानपत्राचा बातमीदार असो, मोबाईलवर गावची खबर लिहिणारा पोरगा असो की निंदणीहून आलेली बाई असो, देशाचा नागरिक असला म्हणजे झाले. माहिती कशाला हवी, हेही सांगावे लागत नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे आणि माहिती अधिकाऱ्याने ते लिहून घ्यायला मदत करावी, असे कायद्यातच आहे.

अर्ज साध्या कागदावर, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून करायचा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाही, दाखला जोडला की पुरे. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. आपली माणसे चुकतात ती पुढेच. “मला विमा का मिळाला नाही?” असे लिहितात. ‘का’ला उत्तर देणे बंधनकारक नाही, कागद देणे बंधनकारक आहे. म्हणून तालुका कृषी अधिकारी कार्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याला असे लिहा: “आमच्या महसूल मंडळातील अमुक सालच्या खरीप सोयाबीनच्या पीक कापणी प्रयोगांची गावे, तारखा, प्रत्येक प्रयोगाचे वजन आणि मंडळाची सरासरी दाखवणाऱ्या तक्त्यांच्या प्रती मिळाव्यात.” कागद दुसऱ्या कचेरीत असेल तर त्यांनी पाच दिवसांत अर्ज तिकडे धाडायचा, तो खेटा तुमचा नव्हे. दुसऱ्याच्या खात्यात किती पडले, हे मात्र विचारू नका. नोव्हेंबर २०२५ पासून खासगी माहिती नाकारण्याचे कलम आणखी कडक झाले आहे. मला स्वतःला तो बदल पसंत नाही, पण आहे तो आहे.

उत्तर तीस दिवसांत यायला हवे. नाही आले तर पुढच्या तीस दिवसांत त्याच खात्यातील वरिष्ठाकडे पहिले अपील, वीस रुपयांचे तिकीट लावून. तिथेही दाद लागली नाही तर नव्वद दिवसांत माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. तिथे नंबर लागायला फार वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. पण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार, असा दंड त्याच्या पगारातून होऊ शकतो. ही गोष्ट खिडकीपलीकडच्यांना पक्की ठाऊक असते.

सगळेच अर्ज साधे नसतात. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमिनीचे गैरव्यवहार माहितीच्या अधिकारातून उघड करीत होते. १३ जानेवारी २०१० रोजी त्यांचा खून झाला. वाळू, जमीन, ठेकेदारी अशा विषयात एकट्याने नाव पुढे करू नका. एकाच मजकुराचे अर्ज गावातील पाच-सात जणांनी आपापल्या नावाने द्यावेत. बचत गटातील बायकांनीही द्यावेत.

अर्ज देताना दुसरी प्रत बरोबर न्या आणि तिच्यावर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ती पोच सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. तीस दिवस त्या तारखेपासून मोजायचे.